सार्जंटला हात लावायचा नाही

पुरुनी, सोन्याची छावणी
९ मार्च १९९७

ती. यूलिनताईस,
डेनझिलचा सा. न. वि. वि.

पुन्हा तेच. मी नाही म्हटलं म्हणजे नाही. मागच्या पत्रात लिहिलं, त्याच्या मागच्या पत्रातही लिहिलं, तरी तू विचारतेसच की सार्जंटचं काय करायचं. त्याचं काही करायचं नाही. दाणे घालायचे, पाणी बदलायचं, सकाळी पिंजरा घेऊन बांधावरून एक फेरी मारायची. मुठीत मावणारं टोवा-टोवा पाखरू ते, तुम्हा दोघींना जड झालं होय?

तुझं आणि त्याचं पहिल्यापासून पटत नाही, मला माहीत आहे. शाळेच्या गणवेशांची कापडं पसरून बसायचीस आणि त्याची टरफलं त्यावर पडायची. आठ वर्षं झाली तरी तो राग गेला नाही. आणि हबर्टकाका म्हणतात हे पाखरू आता सुटलं तर बरं. म्हणणारच. नाताळच्या दुसऱ्या दिवशी दोघांचे पिंजरे शेजारी टांगले होते, आधी पन्नास आवाज देईल तो जिंकला. सार्जंटने पन्नास पुरे केले तेव्हा काकांचं पाखरू एकोणचाळीसवर होतं. पंच फळ्यावर खडूने रेघा मारत होता आणि काका दुसरीकडे बघत होते. त्या माणसाचा सल्ला तू मला कळवतेस.

पिसं झडायचे दिवस असतील. त्यात ही पाखरं गप्प बसतात. गवताचं कोवळं बी दे, बाजारातलं नको.

मी बरा आहे. जुन्या छावणीच्या मुकादमाशी पटलं नाही, सोडली. ही तिसरी. दिवसभर पाण्याच्या जोरदार झोताने मातीचा कडा फोडतो, रात्री अंगाला माती आणि ताप यांतलं काय चिकटलंय ते कळत नाही. माती धुऊन त्यात पारा घातला की पारा सोनं धरतो, त्याचा पांढरा गोळा होतो. इथला सोनं घेणारा तराजूवर बोट ठेवतो, म्हणून मागच्या तीन वेळांसारखा याही वेळी गोळा तसाच घरी आणीन. माच्या चुलीवर जाळू. पांढऱ्याचं पिवळं होताना तिचा चेहरा बघायचा असतो मला.

तोवर सार्जंटला हात लावायचा नाही. माला नमस्कार. रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझा
डेनी


ॲन्स ग्रोव्ह
२४ मार्च १९९७

चि. डेनीस,
ताईचे अ. आ. माचेही.

तुझं पत्र काल बार्टिकामार्गे आलं. माला वाचून दाखवलं, टोमणे गाळून. तरी ती हसली. म्हणाली की आवाज चढवून लिहिलंय म्हणजे जेवण नीट मिळत असणार.

टरफलांचा राग मी कबूल करते. पण बाबा रे, पिसं झडायचं हे दुखणं नव्हे. पिसं जागच्या जागी आहेत. सार्जंटचं डोकं मागे वळतं, पाठीला टेकेपर्यंत, आणि मग तो गोल गोल फिरून पडतो. दांडीवर बसता येत नाही. तळाशी कागदावर एका कुशीवर पडून असतो. अंग सारखं थरथरतं, झोपेतसुद्धा. बी चोचीत धरतो, पण फोडता येत नाही, ते गळून जातं. मग मा पावाचा चुरा पाण्यात कालवून कापसाने त्याच्या चोचीत पिळते, दिवसातून सहा वेळा. परवा त्याने चोच उघडली, गळा फुगवला आणि आवाज काही आला नाही. तीनदा उघडली. मी शिवण टाकून परसात गेले. मला ते बघवलं नाही, आणि तू म्हणतोस मला त्याचा राग आहे.

हबर्टकाकांबद्दल तू लिहिलंस ते बरं नाही लिहिलंस. ते रोज संध्याकाळी येतात, पिंजऱ्याजवळ स्टुलावर बसतात आणि एक शब्द न बोलता जातात. काल मात्र बोलले. म्हणाले की दांडीवर उभं न राहणाऱ्या पाखराला आपण जगवत नसतो, आपण फक्त त्याला जाऊ देत नसतो. माने त्यांना सांगितलं की पाखरू डेनझिलचं आहे, त्याच्या शब्दाशिवाय ती कुणाला पिंजऱ्याचं दार उघडू देणार नाही. माचा स्वभाव तुला ठाऊक आहे.

बाकी ठीक. मा जरा थकलीये. ईस्टरच्या पावाचं आख्खं ताट तिच्या हातून सटकलं, आणि वर माझ्यावरच खेकसली की लादी ओली कुणी ठेवली. लादी कोरडी होती. वय झालं, दुसरं काय.

एकच शब्द लिही, डेनी. हो म्हण. मी तुला कधीच बोल लावणार नाही.

तुझी
यूलिन


पुरुनी
८ एप्रिल १९९७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण जे लिहिणार होतो ते तू माला वाचून दाखवू शकली नसतीस.

काकांना माझा नमस्कार सांग. ते रोज येतात हे मला माहीत नव्हतं.

इथे एक म्हातारा ब्राझिलियन आहे, पाखरांतला जाणकार. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला की वारं लागलं असेल, पिंजरा आडोशाला ठेवा, ऊब द्या. म्हणून असं कर. दांडी काढून टाक, तळाशी तुझी मऊ चिंधी अंथर आणि पिंजरा स्वयंपाकघरात चुलीच्या वरच्या खिळ्याला टांग, जिथे पूर्वी होता तिथेच. तिथे ऊब असते आणि माचं लक्षही राहतं.

ताई, मी त्याला सोडायला तयार नाही असं तुला वाटतं. तसंच आहे. शाळेतून काढलं तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. बांधापलीकडच्या गवतात झाडाचा चीक लावलेली काडी धरून चार दिवस पोटावर पडून होतो. माने पोलिसात जायची तयारी केली होती. पाचव्या दिवशी सार्जंट हातात आला. तोपर्यंत माझ्या हाताला काहीच यश नव्हतं. शंभर वेळा कामं सोडली, माणसं सोडली, पण कुठूनही परत आलो की तो मला बघून ताठ उभा राहायचा, कवायतीतल्यासारखा. मी घरी नसताना त्याला मारलं तर मी कुणाकडे परत यायचं? माला सांगू नको हे. ती म्हणेल, मी मेले का.

मेच्या अखेरीस येतो. तोवर थांबा. मी बघीन, मग ठरवीन. मारायचाच असेल तर माझ्या हाताने. एवढं तरी माझं ऐक.

माला सांग, जड ताटं उचलू नको. तुझा लोभ असाच असू दे.

डेनी


ॲन्स ग्रोव्ह
२६ एप्रिल १९९७

चि. डेनीस,
अ. आ.

हे पत्र बसून वाच. जवळ कुणी असेल तर बरं.

गुरुवारी गावात गुरांचा डॉक्टर आला होता, महिन्याच्या फेरीला. हबर्टकाकांनी त्याला आमच्याकडे आणलं. तरुण आहे, हात हलका आहे. त्याने सार्जंटला हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं, डोळ्यांपुढे बोट फिरवलं. मला वाटलं तो विचारील की खातो काय, पितो काय. त्याने विचारलं की पिंजरा कुठे असतो. मी चूल दाखवली. मग त्याने विचारलं की या चुलीवर स्वयंपाकाशिवाय कधी काही जाळलं का.

मा खुलली. तिने आनंदाने सांगितलं, माझ्या मुलाचं सोनं. तीन वेळा जाळलं, याच तव्यात, पांढरा दगड ठेवला आणि पिवळा उचलला. आणि तो लोखंडी तवा तिने उचलून त्याच्या पुढे धरला. त्यात सकाळची तळलेली मासळी होती.

डॉक्टरने तवा तिच्या हातातून घेतला, बाहेर नेऊन परसात ठेवला आणि येताना सगळ्या खिडक्या उघडल्या. मग म्हणाला की पारा जळत नाही, त्याची वाफ होते. वाफ छताला, भिंतींना, तव्याला चिकटते, आणि चूल पेटली की थोडी थोडी पुन्हा सुटते. पाखराचं शरीर एवढंसं, त्यामुळे त्याला आधी बाधली.

आधी, असं म्हणाला तो. मग त्याने माच्या हातांकडे पाहिलं. ती कप धरून होती आणि कप बशीवर वाजत होता. त्याने तिला एक कागद दिला आणि स्वतःचं नाव लिहायला सांगितलं. मा चर्चच्या वहीत गेली तीस वर्षं नावं लिहिते, तिला त्याचं हसू आलं. कागद सोबत पाठवतेय. मी त्यावर काही लिहीत नाही, तूच बघ.

तो म्हणाला की मी गुरांचा डॉक्टर आहे, माणसांबद्दल नक्की सांगणार नाही, पण यांना मोठ्या इस्पितळात न्या, उशीर करू नका. उपाय असतो, असंही म्हणाला. माझं तपासून काय ते पुढे कळेल. मी पुढच्या खोलीत शिवते, खिडकीशी.

सार्जंट बरा होणार नाही. ते त्याने स्वच्छ सांगितलं. त्याला दुखतंय, हेही सांगितलं, आणि मी विचारायच्या आत सांगितलं की कायमचं झोपवायची सुई पिशवीत आहे, आत्ता देतो. मी हो म्हणाले. काका हो म्हणाले. मा पिंजऱ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “डेनीने मेची अखेर म्हटलंय.” आणि इस्पितळाचंही तेच, तू आल्यावर. पाखराला सहा वेळा भरवायला कोण आहे, म्हणते. मी तिला हलवू शकत नाही, डेनी. ती तुझ्या शब्दावर उभी आहे.

डॉक्टर शेजारच्या गावात राहतो. निरोप दिला की येईन म्हणाला.

यूलिन


पुरुनी, विमानाच्या पट्टीवरून
३ मे १९९७

ताई,

तुझं पत्र दुकानाच्या पायरीवर उभ्यानेच वाचलं. मग बसलो. मग पुन्हा वाचलं, कारण मला वाटलं की मला वाचता येत नाही.

माचं अक्षर बघितलं. ते तिचं नाही. ते कुणाचंच नाही.

मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे सांगितलं असेल. इथे सगळे जाळतात, संध्याकाळी, आपापल्या डबड्यात, त्याच विस्तवावर मग भात. मला वाटायचं धूर तो धूर. पण एक गोष्ट तुला माहीत नाही, ती लिहितो. जानेवारीत जाळलं तेव्हा खिडकी मी लावून घेतली. मा म्हणत होती की उघडी ठेव, घसा खवखवतोय. मी म्हटलं, गल्लीला कळायला नको घरात सोनं आहे. ती खोकत होती आणि मी तिला चिडवत होतो की श्रीमंतांचा धूर आहे, सवय कर. सार्जंट वर बसला होता. त्या संध्याकाळी तो गप्प झाला. मला वाटलं, मी उशिरा आलो म्हणून रुसलाय.

आणि एप्रिलमध्ये मीच लिहिलं की पिंजरा चुलीवर टांगा. तू टांगलास ना? डॉक्टरला चूल दाखवलीस, पण माझ्या सांगण्यावरून तिथे टांगला हे तू लिहिलं नाहीस. तू मुद्दाम गाळलंस.

आज विमान जातंय. एकच जागा आहे, ती तापाने फणफणलेल्या एका माणसाची. पायलट पत्र घेऊन जाईल, उद्या संध्याकाळी तुला मिळेल. मी होडीने निघतो, मला सहा दिवस लागतील. आधी लिहिलं होतं की तेवढे सहा दिवस थांबा, मी माझ्या हाताने करीन. तो कागद फाडला. सहा दिवस त्याने पडून राहायचं, ते कुणासाठी? माझ्यासाठीच ना.

थांबू नका. हे माला मोठ्याने वाचून दाखव, काही गाळू नको. मा, मी डेनझिल सांगतोय, हो. पिंजऱ्याचं दार उघड. त्याला जाऊ दे.

डॉक्टरला परवा सकाळी बोलाव. स्वयंपाकघरात नको. परसात उन्हात करा. त्याला हबर्टकाकांनी हातात धरावं, त्यांचे हात स्थिर आहेत. डॉक्टर आला नाही तर काकांना माझी परवानगी आहे, त्यांना कसं करायचं ते माहीत आहे, पटकन. त्यांच्याबद्दल मी जे लिहिलं होतं ते वाईट लिहिलं होतं, तेही सांग. माने धरायचं नाही. ती मागेल, देऊ नको.

झालं की तिला त्याच दिवशी गाडीत बसवून जॉर्जटाउनला ने. माझी वाट बघायची नाही. मी सरळ इस्पितळात येतो. तिथे सांग की तीन वेळा, बंद खोलीत, आणि तवा रोज वापरात. लाजू नको, नाव माझं सांग. तुझीही तपासणी करून घे, खिडकी होती वगैरे मला ऐकवू नको. तवा घासू नको, भंगारवाल्याला देऊ नको, नालीत टाकू नको. झाकणाच्या डब्यात बंद कर आणि डॉक्टरला विचार. चूल पेटवू नको. काकांकडे जेवा.

मघाशी मी माझा हात पुढे धरून बघितला. काही कळलं नाही. विमानाचं इंजिन चालू झालं होतं, सगळंच हलत होतं.

माला काय सांगायचं ते मला सुचत नाही. माया ठेव असं लिहायची रीत आहे. कुठल्या तोंडाने लिहू?

डेनझिल

ता. क. या महिन्याचा गोळा जाळला नाही, इथेच विकला. त्याने तराजूवर बोट ठेवलं, मी बघत होतो, देईल ते घेतलं. पायलटकडे वेगळं पाकीट आहे. सुईचे पैसे त्यातूनच दे, काकांना देऊ देऊ नको, पाखरू माझं आहे. बाकीचे माच्या इस्पितळाला. एवढेच आले, सव्वीस हजार चारशे डॉलर.