कोणी ऐकत नसतानाचं गाणं

मालवण, मेढा
रविवार

प्रिय बाळा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू आधी बायकोला, दीपिकाला, हाक मारली असशील आणि म्हणाला असशील, बायचा डोक्या फिरला, घरात दोन दोन मोबाईल असताना पोस्टात गेली. फिरलंच आहे रे. तुला फोन लावायला तीनदा बसले. एकदा तर तुझं हॅलोसुद्धा ऐकलं आणि ठेवून दिला. म्हटलं, त्यापेक्षा कागद बरा, तो मध्येच काही विचारत नाही. तीस वर्षं अंगणवाडीत पोरांची अक्षरं गिरवून घेतली, त्यामुळे हातात पेन आलं की माझी बाईंची मराठी सुरू होते. तू आपलं ते घरच्या बोलीतलंच समजून वाच.

आधी चांगलं सांगते. तू गुरुवारी गेलास आणि शुक्रवारी सकाळी यांनी पेजेत मीठ कमी आहे म्हणून वाटी सरकवली आणि मला स्वच्छ म्हणाले, मेल्या. बाळा, पाच महिन्यांनी मला नवऱ्याने मेल्या म्हटलं आणि मी चुलीपुढे बसून रडले. आता सगळेच मेल्या आहेत. दूध घालणारी मेल्या, डॉक्टर मेल्या, काल प्राजक्ता कुडाळहून आली तर लेकसुद्धा मेल्या. ती म्हणते, आई, हे तुझ्या माहेरहून आलेलं आहे, बाळामामा गेला आणि हा शब्द ठेवून गेला. खरंच आहे. तुझ्याचमुळे तो शब्द त्यांच्या तोंडात आला.

एप्रिलमध्ये काय झालं ते तुला प्राजक्ताने सांगितलं असेल, पण माझ्याकडून ऐकलेलं नाहीस. हे बंदरावर एका ट्रॉलरचं इंजिन खोलून बसले होते. हातातून पाना पडला. उचलायला वाकले तर हात जाईना. तिथल्या पोरांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. जीव वाचला, उजवा हात आणि पाय हळूहळू थोडा थोडा आला, पण बोलणं गेलं. ज्या माणसाची समोरच्या बुवाशी भजनाची बारी लागली की ऐकायला लोक खारेपाटणहून यायचे, तो माणूस पाणी हवं तर अं अं करून तांब्याकडे बघायला लागला. कळायचं सगळं, एकही शब्द बाहेर पडायचा नाही. मग डोळ्यांतून पाणी यायचं आणि मला ते बघवायचं नाही. बोलणं शिकवायला एक मुलगी येते, रोशेल. इथल्याच चर्चच्या वाटेवरची, हसरी आहे, पण कामाला कडक. तिने मला बाजूला घेऊन सांगितलं, काकी, पहिले सहा महिने महत्त्वाचे. या दिवसांत शब्द वाटेला लागले तर लागले, पुढे फार कठीण. सहातले चार तेव्हा संपले होते.

तीच म्हणाली की ज्यांचं बोलणं जातं त्यांचं गाणं पुष्कळदा जात नाही. तिच्या आजोबांना, वॉल्टरना, असंच झालं होतं, तर पावाला पाव म्हणता यायचं नाही आणि लादीन, ती त्यांची गाऊन म्हणायची लांब प्रार्थना, मात्र अख्खी म्हणायचे. तुमच्या काकांना आवडतं गाणं लावा, म्हणाली. मला वाटलं, हे तर सोपं. बुवांची बायको मी! यांचे सगळे गजर प्राजक्ताने मोबाईलवर घालून दिलेलेच होते. रोज सकाळ-संध्याकाळ लावत सुटले. ज्या गजराला लोक उभे राहायचे तो लावला, जत्रेतला लावला, चतुर्थीतला लावला. हे भिंतीकडे तोंड करायचे. तिसऱ्या आठवड्यात तर डाव्या हाताने मोबाईल ढकलून खाली पाडला. मी चिडले. म्हटलं, शिरा पडो तुमच्या त्या रागार, कोणासाठी करतंय मी हे सगळं? आणि मग बाहेर येऊन पडवीत बसले. रोशेलने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, काकी, हे तर त्यांचं लोकांपुढचं. कोणी ऐकत नसताना काय गुणगुणायचे?

मला लगेच कळलं होतं, बाळा. त्याच क्षणी. आणि मी तिला म्हटलं, आठवत नाही.

तुझं गाणं गुणगुणायचे. तुझं ते होडीचं. दाढी करताना, इंजिनाचा नट सुटत नसला की, न्हाणीघरात तर रोज. एकदा बंदरावरून येताना स्कूटरवर म्हणत होते आणि मी मागून पाठीत गुद्दा मारला की त्या माणसाचं गाणं माझ्या कानाशी नको. त्यावर एवढंच म्हणाले, गाणा नीट आयक गो किशोरी. मी ऐकलं नाही. मला तुझ्या गाण्याचं वावडं होतं, तुझ्या नावाचंही. वालावलच्या त्या बारीनंतर तू आमचा उंबरा सोडलास आणि मीही माहेर सोडलं. एकोणीस वर्षं. आई गेली तेव्हासुद्धा तू एका खांबाशी उभा होतास, मी दुसऱ्या. प्राजक्ताच्या लग्नात तुझी पत्रिका मी लिहिली आणि कपाटातच ठेवली. आणि सगळ्या गावाला वाटत होतं की दोन बुवांचं वैर आहे, त्यात बिचाऱ्या बहिणीचं माहेर तुटलं.

रोशेलला आठवत नाही म्हणून सांगितल्यावर आठ दिवस मी गप्प राहिले. ते आठ दिवस मी त्यांचे खाल्ले, हे मला आयुष्यभर सलेल. नवव्या दिवशी प्राजक्ताला म्हटलं, मामाला फोन कर. ती बघतच राहिली. तू येशील असं मला वाटलं नव्हतं. येशील तर चार गोष्टी ऐकवायला येशील, असं वाटलं होतं. आणि तू आलास तो मोटारसायकलच्या मागे पेटी बांधून! सकाळची वेळ, मी तिसऱ्यांचे शिंपले धूत होते, हात तसेच चिखलाचे. तू मला काय बरी आसस विचारलंस आणि उत्तराची वाट न बघता आत गेलास. त्यांनी तुला बघितलं आणि तोंड फिरवलं. तू खाली बसून पेटी काढलीस, भाता सोडलास आणि सुरू केलंस.

पल्याड तुझे देऊळ देवा, अल्याड माझी होडी
ओहोटीला रुतली चिखली, ओढ तूच ना थोडी

मी दारात उभी होते, मला त्यांचे ओठ दिसत होते. दुसऱ्यांदा म्हटलंस तेव्हा ते हलायला लागले. आवाज नाही, नुसते ओठ. आणि मग तू ते केलंस जे फक्त बारीत बसलेल्या माणसालाच सुचेल. तिसऱ्या वेळी मुद्दाम चुकीचं म्हणालास, भरतीला रुतली चिखली. मला वाटलं विसरलास. तू परत म्हणालास, भरतीला. चौथ्यांदा भरतीला! समोरचा बुवा चुकीचं म्हणतो आहे आणि हे ऐकून घेतायत? त्यात जन्म बंदरावर गेलेला माणूस, भरतीला होडी कधी चिखलात रुतते? त्यांचा डावा हात खाटेवर आपटला. मान लाल झाली. आणि तोंडातून आलं, ओ, ओ, ओहोटीला! मग तुझ्याकडे बघून, मेल्या! आणि तू पेटी न थांबवता पुढची ओळ दिलीस, ती त्यांनी पुरी घेतली. वाकडी, लाळ गळत, पण पुरी. अख्खं कडवं तुम्ही दोघांनी म्हटलंत. रोशेलला मी नंतर सांगितलं तर ती म्हणाली, काकी, त्या मामांना माझी नोकरी द्या.

आता माझं सांगते. त्या दिवशी मी ते गाणं आयुष्यात पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकलं. शेवटच्या कडव्यात तू म्हणतोस ना, दिवा दिसतो, हाक ऐकू येते, पण पाय गाळातून निघत नाही. लोक त्याला देवाचं गाणं म्हणतात. मी दारात उभी राहून ऐकलं आणि तेव्हाच मला कळलं. ते देवाचं नाही रे. ते बाबांचं आहे. बाबा गेले त्या दिवशी तू खाडीपलीकडे बारीला होतास. मी बाबांच्या उशाशी होते आणि ते दर थोड्या वेळाने विचारत होते, बाळो इलो? माझी खात्री होती की निरोप मिळूनही तू बारी संपवायला बसलास. तू कधी काही बोलला नाहीस आणि मी कधी विचारलं नाही. तू निघाला होतास. अर्ध्यात होडी बसली होती. समोर आपल्या घराचा दिवा दिसत होता आणि तू पाणी चढायची वाट बघत होतास. तू कोणाला सांगितलं नाहीस, गाण्यात घातलंस आणि गावोगाव म्हणत फिरलास. अनोळखी माणसांना ते गाणं आवडलं, मी सख्खी बहीण आणि मी कान झाकले. ज्याला तू वैरी समजत होतास त्याला मात्र ते पहिल्याच ऐकण्यात कळलं होतं. म्हणून ते म्हणत असायचे. माझा नवरा माझ्या भावाला माझ्यापेक्षा जास्त ओळखत होता, आणि तोही नुसत्या एका गाण्यावरून.

तू आलास, मागचं काही काढलं नाहीस, माझ्या माणसाला शब्द दिलास. तुझे उपकार मी कोणत्या तोंडाने मानू? लहानपणी तुझं नाक पुसलं, तुला पाठुंगळी घेऊन तळ्यावर नेलं, तुझ्यासाठी मास्तरांचा मार खाल्ला, ते सगळं या एका सकाळपुढे काहीच नाही. मी तुला जेवून जा म्हटलं तर नको म्हणालास, नुसता चहा घेतलास, तेही मला पुष्कळ झालं. पण जाताना पडवीत चपला घालताना तू जे म्हणालास, त्यासाठी हे पत्र आहे. तू म्हणालास, बाय, भावजींचा ता बोलणा आज मी सोडून दिलंय.

ते बोलणं त्यांचं नव्हतं, बाळा. वालावलच्या बारीत त्यांनी तुझ्या तोंडावर जे म्हटलं, बापाच्या ओठी पाणी न दिले, देवाला घालतो स्नान, असल्या लेकाच्या गळ्यात देवा, कशाला दिलेस गान, ते मी केलेलं होतं. आदल्या दिवशी चुलीपुढे, कोबी चिरता चिरता. ते वही घेऊन बसले होते, मी सांगितलं आणि म्हटलं, लिहा. ते म्हणाले, ह्या नको गो, तुजो भाव तो. मी म्हटलं, म्हणणार नसाल तर मी उद्या माहेरी जाते ती परत येत नाही. त्यांनी म्हटलं. एक टाळी पडली नाही, तुला आठवत असेल. तू पेटी मिटून उठलास. घरी येताना वाटेत ते एवढंच म्हणाले, ही ओळ माजी, कोणी इचारल्यान तरी माजीच. त्यानंतर त्यांनी कुठल्याही बारीत कोणाला बोचेल असं म्हटलं नाही. लोक म्हणायचे, सत्यवानबुवांची धार गेली. लोक त्यांना काळीज नसलेला माणूस म्हणायचे आणि मी शेजारी बसून ऐकायचे. आता त्यांना बोलता आलं असतं तरी त्यांनी तुला हे सांगितलं नसतं, हे मला ठाऊक आहे. म्हणून मी सांगते. तू ज्याला माफ केलंस त्याने काही केलेलंच नव्हतं. जिने केलं तिच्या हातचा चहा तू पिऊन गेलास.

रोशेल म्हणते, आठवड्यातून एकदा तरी मामा यायला हवेत, अजून महिना हातात आहे. मला माफ करायचं की नाही ते तू सावकाश ठरव, वर्षं लागली तरी चालतील, कधीच जमलं नाही तरी मी तुला काही म्हणणार नाही. पण त्यांना तोडू नकोस रे. पुढच्या गुरुवारी ये. मी दार नुसतं लोटून ठेवीन, पाण्याचा तांब्या भरून ठेवीन आणि तू यायच्या आधी मासळी बाजारात जाईन. तुझी मोटारसायकल वळणावरून गेलेली दिसली की मगच घरी येईन. तुला माझं तोंड बघावं लागणार नाही.

तुझीच,
बाय