दादांशी बोलण्याची पूर्वतयारी

२ जानेवारी, सकाळ

नव्या वर्षाचा संकल्प: थोरल्या भावाशी, दादांशी, बोलायचं. आज जमणार नाही. दादा संकठा घाटावर गंगास्नानाला गेलेत, आल्यावर संध्या, मग पूजा. पण या महिन्यात नक्की.

वाक्य तयार आहे. ‘दादा, पद्माची आमटी उत्तम होती आणि तुम्ही तसं बोलायला नको होतं.’ बास. दत्तजयंतीच्या पंगतीत आमच्या दूधविनायक मोहल्ल्यातली सगळी मराठी घरं पानावर बसली असताना दादा म्हणाले होते की, लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली तरी हिला आईसारखी आमटी जमत नाही, नुसता काळा मसाला ओतते. पद्मा भांडं घेऊन तिथेच उभी होती. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, जरा मीठ वाढा.

त्याच आठवड्यात ती पुण्याला मधुराकडे गेली. लेकीची आठवण येत असणार. निघताना म्हणाली, दादांशी बोललात की कळवा, मग परतीचं तिकीट काढते. म्हणजे भांडण वगैरे काही नाही.

५ जानेवारी

पेपरात लेख आलाय. मारधाडीचे कॉम्प्युटर गेम खेळून माणसं हिंसक होतात, घरातल्या वडीलधाऱ्यांना उलट बोलतात. वेळीच सावध व्हा. दोनदा वाचला. नेमकं हेच हवंय.

जावयाला, आदित्यला, फोन केला. दिवाळीत त्याने जुना लॅपटॉप, टेबलाला लावायचं स्टिअरिंग आणि पेडल इथेच ठेवली होती. त्याने पुण्यात बसूनच एक ऑनलाइन गेम चढवून दिला. मोडक्या गाड्या एका मैदानात सोडतात. एकमेकांना ठोकायचं. शेवटी जिची चाकं फिरतात ती जिंकली. मी रेल्वेच्या सिग्नल खात्यात सगळी नोकरी गाड्या एकमेकींना लागू नयेत यात घालवली. म्हणजे विषयाचा अभ्यास आहे, फक्त उलटा वापरायचा.

६ जानेवारी, दुपार, दादा आडवे झाल्यावर

गाडी निवडली: अँब्युलन्स. हेतू हा की लोक वाट देतील. कोणी दिली नाही. सगळे बनारसचेच असावेत. सुरुवातीलाच उलटलो.

८ जानेवारी, दुपार

नवी युक्ती. कोपऱ्यात उभं राहायचं, बाकीचे आपसात लढून संपतील, मग आपण एकटेच. घरात हीच पद्धत इतकी वर्षं चालली आहे.

बाद झालो. नियम आहे म्हणे: एक मिनिट कुणालाच धक्का दिला नाही तर गाडी बाद. स्क्रीनवर लाल अक्षरं: नो कॉन्टॅक्ट. अन्याय आहे. शांत उभ्या राहिलेल्या माणसाने कुणाचं काय बिघडवलंय?

पद्माचा फोन नाही. मीही केला नाही. बोललात का, असं विचारेल.

११ जानेवारी

परिणाम दिसू लागला. दूधवाल्याला आज जरा चढ्या आवाजात विचारलं की दूध पातळ का. म्हणाला, बाबूजी, ठंड बहुत है, भैंस सुस्त हो गई है. पटलं. पण विचारलं हे महत्त्वाचं.

नंतर गल्लीत एका स्कूटरवाल्याने कोपराला घासून नेलं. मी सॉरी म्हणालो. सवय एकदम जात नाही.

१४ जानेवारी

आज बोलणारच होतो. पण संक्रांत निघाली. दादांनी हातावर तिळगूळ ठेवून सांगितलं, गोड बोल. आता या दिवशी कसं बोलायचं? शिवाय पौष महिना, नवीन काही सुरू करू नये.

दोन्ही वेळा खाली दादांकडेच जेवतो. वहिनी गेल्यापासून दादा स्वतः रांधतात. मला बोलावतात, आग्रहाने वाढतात. आज आमटी वाढून म्हणाले, ही आईची आमटी. आमटीत वाटीचा तळ दिसत होता. मी म्हणालो, उत्तम. दुसऱ्यांदा घेतली.

१९ जानेवारी, दुपार

गेममध्ये एक पिवळी गाडी माझ्याच मागे लागली आहे. खेळाडूचं नाव ‘काला मसाला’. बिहारकडचा कोणी टवाळ पोरगा असणार. मैदानात डझनभर गाड्या, तरी सगळ्यांना सोडून थेट अँब्युलन्सवर येतो. माझं काय घोडं मारलंय त्याचं?

आदित्यने त्याच्या ओळखीच्या मंडळींत मला घातलंय. सगळे हिंदीवाले. मला चाचा म्हणतात. चाचा, मारिए तो सही, असं कालपासून चाललंय. ‘काला मसाला’ मात्र एक शब्द बोलत नाही.

हेडफोनला माइक आहे. खेळताना मी मराठीत पुटपुटतो. हरकत नाही, कुणाला काय कळणार. बनारसमध्ये राहण्याचा हा आपला जुना फायदा. साडीच्या दुकानात मालकासमोर मी नि पद्मा मराठीत भाव ठरवायचो, त्याला पत्ता लागायचा नाही. एकदा एक जण ‘बरं, न्या ताई’ म्हणाला होता. पण तो अपवाद.

२७ जानेवारी

प्रगती: आता मी लोकांच्या दिशेने गाडी नेतो. अडचण: टक्कर व्हायच्या आधी पाय आपोआप ब्रेकवर जातो. रेल्वेचा पाय आहे.

खेळताना बडबड केली की मन हलकं होतं. काय जेवलो, धुतलेले मोजे कसे सापडत नाहीत, सगळं सांगत बसतो. गाड्या आपापल्या फुटत असतात.

३ फेब्रुवारी

पौष संपला. बोलायला हरकत नव्हती. पण दादांना खोकला आहे. आजारी माणसावर हल्ला करणं बरं नाही.

काल मधुराचा फोन आला. आई कशी आहे विचारलं. म्हणाली, छान आहे, दुपारी बिझी असते. कशात ते सांगितलं नाही. पुण्यात रमली वाटतं. मला रात्रभर नीट झोप लागली नाही.

७ फेब्रुवारी

दादांचा खोकला बरा झाला. बोललो नाही. कारण सुचलं की लिहीन.

९ फेब्रुवारी, दुपार

ऐतिहासिक दिवस. सगळे फुटले, मैदानात दोनच गाड्या उरल्या. मी आणि ‘काला मसाला’. समोरासमोर. मनात म्हटलं, हे पिवळं बॉनेट म्हणजे दादा. आणि बोललो. खणखणीत. दादा, पद्माची आमटी उत्तम होती आणि तुम्ही तसं बोलायला नको होतं. एकदा तोंड उघडल्यावर थांबेना. तुमच्या आमटीला चव नाही, म्हणालो. अठ्ठावीस वर्षं तिच्या हातचं जेवलो आणि एकदाही चांगलं झालंय म्हणालो नाही, म्हणालो. घर खायला उठतं, ती नाही तर मला काही म्हणजे काही करमत नाही, म्हणालो.

पिवळी गाडी जागच्या जागी थांबली. मी ब्रेकवरचा पाय काढला. ठोकलं. जिंकलो.

आणि कानात पद्माचा आवाज. म्हणाली, ऐकलं सगळं. आदित्यने शिकवलं म्हणे तिला. रोज दुपारी बसते, तुम्ही काय खाता ते तरी कळतं, म्हणाली. मग बराच वेळ नाक ओढत होती. मीही. शेवटी म्हणाली, पण मला सांगून काय उपयोग? हेच खाली जाऊन सांगा. मी इथेच थांबते.

हेडफोन टेबलावर काढून ठेवलाय. ती थांबली आहे. अंगात जोर आहे. जाऊन येतो.

९ फेब्रुवारी, थोड्या वेळाने

दादा नुकतेच उठून तांदूळ निवडत होते. काय रे, म्हणाले. मी म्हणालो, दादा. इथपर्यंत अगदी बरोबर आलं होतं. पुढे म्हणालो, जरा मीठ हवं होतं.

दादा म्हणाले, जेवतोस तर इथे, वर मीठ कशाला? म्हणालो, गुळण्या करायला. घसा. त्यांनी ताट बाजूला ठेवलं, मला उजेडात नेऊन आ करायला लावला. माझाच खोकला लागला तुला, म्हणाले. मीठ काढलं, त्यात चिमूटभर हळद घातली. मी मुद्दाम हात पुढे केला. मीठ हातात दिलं की भांडण होतं, असं आई सांगायची. दादांनी वाटी खिडकीत ठेवली. म्हणाले, उचल, हातात देत नाही.

वर येऊन हेडफोन लावला. पद्माने विचारलं, बोललात? मी सांगितलं की मी हात पुढे केला होता. तिला ते नीट समजावूनही सांगितलं. तिने नवी फेरी लावली. बाकीचे लवकरच संपले. पिवळी गाडी समोर येऊन उभी राहिली. मी तिने ठोकण्याची वाट पाहत राहिलो. ती ठोकेना. पाय पेडलवर होता माझा. मिनिट संपलं, दोन्ही गाड्यांवर लाल अक्षरं आली: नो कॉन्टॅक्ट.

तिकीट एवढ्यात काढत नाही, म्हणाली. घशाला जपा, म्हणाली.

गुळण्या केल्या. घसा तसा चांगलाच आहे.