आवळ्याचा कोको

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

अफजलपूर
ता. २ डिसेंबर १९५३

चि. सौ. शिवगंगा हिस चंद्रम्माचे अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पाचवा संपत आला आणि तुला दुधाचा वासही सोसत नाही, हे वाचून आधी हसले आणि मग देवापुढे दिवा लावून आले. लहानपणी सायीसाठी माझ्या झिंज्या ओढणारी तू, आणि आता दूध नको म्हणतेस! पण ही खेप मी थट्टेवारी नेणार नाही. दोनदा तुझी कूस रिकामी झाली, दोन्ही वेळा सहावा-सातवा लागता लागता. हे तिसरं मूल तुझ्या मांडीवर बघितल्याशिवाय माझ्या जिवाला स्वस्थता नाही.

तुझे भाऊजी सोलापूरला गेले होते, त्यांनी कोकोचा डबा आणलाय. तो पार्सलने धाडते. नुसता कोको कडूजहर लागतो, म्हणून मी काय करते ते नीट वाच. संत्र्याची साल किसायची, त्यात दोन संत्र्यांचा रस, साखर आणि पाणी घालून उकळी आणायची आणि झाकून रात्रभर मुरू द्यायचं. सकाळी गाळून त्यात कोको घोटायचा. गरम दूध अगदी शेवटी, बारीक धारेनं. घाईनं ओतशील तर फाटेल आणि नाव माझं निघेल. दुधाचा वास कुठल्या कुठे जातो. रोज सकाळी एक पेला घे, अंग धरेल.

तुझ्या अत्तींना माझं शरणु-शरणार्थी सांग. सासू असून त्या तुला फुलासारखं जपतात हे ऐकून बरं वाटतं. लोभ आहेच, तो पत्रातून कळू दे.

तुझी अक्का,
चंद्रम्मा

---

॥ श्री ॥

निर्णा
ता. १४ डिसेंबर १९५३

ती. सौ. अक्कास शिवगंगाचे शि. सा. न. वि. वि.

डबा आला. शेजारपाजारच्या सगळ्या बाया वास घेऊन गेल्या. गंगम्मा म्हणाली की ही इंग्रजी माती आहे, आणि तरीही चिमूटभर पदरात बांधून घेऊन गेली.

संत्री मात्र इथे औषधालाही मिळेनात. हे हुमनाबादचा बाजार पालथा घालून आले. शेवटी अत्तीच म्हणाल्या की संत्रं काय नि आवळा काय, फळाला फळ. त्यांनी स्वतः आवळे किसले, मूठभर आंबट बोरं टाकली, साखर घातली, आणि तू लिहिलंस तसं मुरत ठेवलं. त्यासाठी आपल्या माहेरचं पितळेचं पातेलं फळीवरून खाली काढलं. ते त्या कुणाला हात लावू देत नाहीत, ठाऊक आहे ना तुला? आता ते माझ्या चाकरीला. मी म्हटलं, लेकरू पोटात आहे तोवरच माझा मान.

चव सांगू? आधी आंबट, मग गोड, मग कडू, आणि शेवटी जिभेवर कसलीतरी तुरट ओढ राहते. पण दुधाचा वास येत नाही हे खरं. आणखी एक गंमत. सकाळी पाक काढला की पातेलं आतून सोन्यासारखं लखलखतं, घासायला चिंच लागत नाही. भांडी घासणारी रत्नम्मा तुला दुवा देते.

चार दिवस झाले, सकाळी पोटात ढवळतं आणि उलटी होते. अत्ती म्हणतात, हे चांगलं लक्षण आहे, मागच्या खेपांना इतकं नव्हतं, या वेळी मूल घट्ट धरलंय. तू काळजी करू नकोस. भाऊजींना नमस्कार, आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
शिवगंगा

---

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

अफजलपूर
ता. २३ डिसेंबर १९५३

चि. सौ. शिवगंगा हिस अ. उ. आ. वि. वि.

सहाव्यात उलट्या? मला तर तिसऱ्यानंतर एकदाही झाली नव्हती. पण प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. इथल्या निलम्मा सुईणीला विचारलं, तर ती म्हणाली की पोटात मुलगी असली की आईला शेवटपर्यंत छळते. तू मला छळलंस, आता तुझी पाळी.

कोको मात्र सोडू नकोस. उलटीनं अंगातलं सत्त्व जातं, ते भरून यायला हवं. जमलं तर संध्याकाळीही एक पेला घेत जा. तुरट लागत असेल तर साखर वाढव.

का कोण जाणे, तुझं पत्र दोनदा वाचलं. काहीतरी टोचतंय आणि काय ते सापडत नाही. ओळ न् ओळ मोकळेपणानं लिही, मला बरं वाटावं म्हणून काही गाळू नकोस. तुझ्या पत्राच्या वाटेवर डोळे लावून आहे.

अक्का

---

॥ श्री ॥

निर्णा
ता. ६ जानेवारी १९५४

ती. सौ. अक्कास शि. सा. न. वि. वि.

तू गाळू नको म्हणालीस म्हणून लिहिते. आता दोन्ही वेळा कोको घेते. उलट्या थांबत नाहीत, पोटात पीळ पडतो, आणि दिवसभर तोंडात अशी चव असते की जसा तांब्याचा पैसा जिभेखाली धरलाय. परवा ओटीपोटात इतकं दुखलं की मी चुलीपुढेच बसून राहिले. अत्ती माझे पाय चेपत होत्या आणि रडत होत्या. मी म्हटलं, अत्ती, हे आंबट बंद करून बघू का? तर म्हणाल्या की ह्यात आंबट काय आहे, मूठभर साखर घालायलेय, आणि अक्कानं एवढ्या मायेनं धाडलंय ते टाकायचं कामून?

पाक गाळायचं फडकं मात्र आता हिरवट पडलंय, धुतलं तरी जात नाही. रत्नम्मा म्हणते, आवळ्याचा रंग असेल. मी तिला म्हटलं, आवळ्याचा डाग तर काळा पडतो. ती फडकं तसंच वाळत घालून गेली. पूर्वी हुमनाबादचा मदारसाब कल्हईवाला दर दिवाळीला भाता घेऊन यायचा, तो असता तर त्याला भांड्यांतलं कळलं असतं. पोलीस ॲक्शनच्या साली तो बायकापोरांना घेऊन गेला तो गेलाच. कुठे गेला हे इथे कुणी विचारलंही नाही. तेव्हापासून घरात एका भांड्याला कल्हई नाही. ताक आम्ही मडक्यात ठेवतो, त्यामुळे काही अडत नाही.

चांगली बातमी अशी की येत्या १८ तारखेला, सोमवारी, माझं कुबसं आहे. सातव्याची ओटी भरणार. अत्तींनी वीस बायांना बोलावलंय आणि सगळ्यांना कोको पाजायचा त्यांचा हट्ट आहे. पाक शनिवारीच उकळून पातेल्यात ठेवणार, म्हणजे दोन दिवस चांगला मुरेल. तू आली असतीस तर किती बरं झालं असतं. मला भीती वाटते गं. मागच्या वेळेसारखीच कंबर भरून येते. हे अत्तींना सांगितलेलं नाही. टपाल इथून बाजाराच्या दिवशीच निघतं, तेव्हा उशीर झाला तर रागावू नकोस.

तुझीच,
शिवगंगा

---

अफजलपूर
शनिवार, ता. १६ जानेवारी १९५४

शिवगंगा,

तुझं पत्र आत्ता हातात पडलं. मायना लिहीत बसत नाही.

तो कोको पिऊ नकोस. एक घोटही नको. तुझ्या पातेल्याला कल्हई नाही, त्यात आवळ्या-बोरांचा रस रात्रभर राहतो आणि पितळ उतरून सगळं कळकतं. पातेलं लखलखतं म्हणून तू खूश होतीस. अगं, त्याच्यावरून जे निघतंय ते तुझ्या पोटात जातंय. ताक कळकलं तर एका घोटात कळतं. हा मेला कोको मुळात काळा आणि मुळात कडू, ह्यात काय दिसणार आणि काय कळणार! साखर घातली म्हणून आवळ्याचं आंबट जात नाही.

मी इनॅमलच्या पातेल्यात करते. ते लिहायचं मला सुचलं नाही, कारण माझ्या घरात दुसरं पातेलंच नाही. आणि वर मीच तुला दोन वेळा घे म्हणून लिहिलं. चूक माझीच.

आज शनिवार. म्हणजे पाक आजच चुलीवर चढला असेल. टपालाचा भरवसा नाही, म्हणून तुझे भाऊजी हे पत्र घेऊन स्वतः निघालेत. गुलबर्ग्याहून पुढची मोटार मिळाली तर उद्या, नाहीतर सोमवारी पोचतील. कुणालाही पिऊ देऊ नका. सासूबाईंना माझ्या वतीनं हात जोड. आणि मला तुझ्या हातची एक ओळ धाड, मग ती कसलीही असो.

चंद्रम्मा

---

॥ श्री बसवलिंगाय नमः ॥

निर्णा
ता. २२ जानेवारी १९५४

चि. सौ. चंद्रम्मास शिवगंगाच्या अत्तीचा, ईरम्माचा आशीर्वाद.

मी कधी कुणाला पत्र लिवलं न्हाई. अप्पांनी लहानपणी अक्षरं शिकवली तेवढीच येतात. वाकडं असंल तर संभाळून घ्या.

तुमचे यजमान सिद्धलिंगप्पा सोमवारी दुपारी आले. बाया ओळीनं बसल्या होत्या, पेले भरून झाले होते. पाय धुवायला बी थांबले न्हाईत, पत्र माझ्या लेकाच्या, बसवराजच्या हातात दिलं. त्यानं ते वाचलं आन् मला लई राग आला. वीस बायांत माझ्या आईच्या पातेल्याला नाव ठेवायलेत, असं वाटलं. मी म्हणले, आधी मीच पिते, बघा सगळ्या. पेला तोंडाला लावला होता. बसवराजनं तो हिसकून घेतला आन् पातेलं उचलून अंगणात पालथं केलं. मग आतून नख फिरवून दाखवलं. कडेला हिरवं जमलं होतं.

हुमनाबादचे डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, आणखी आठ-दहा दिवस चाललं असतं तर दोघांचं बी खरं नव्हतं. औषध दिलंय. परवापासून वांती न्हाई, कळा थांबल्यात, काल भाकरी खाल्ली. लेकरू जित्तं हाय. तुम्ही आता रडू नका.

तुम्ही पत्रात माझी चूक, माझी चूक लिवलंय. तुमची चूक महिन्याभराची. माझी सांगते. बसवराजला सांगितली न्हाई, तिला बी न्हाई. तुम्हाला आज ना उद्या सुचलंच असतं, म्हणून मीच सांगायले.

कल्हईवाला गेला त्याच्या दुसऱ्या साली तिला पहिल्यांदा दिवस गेले. मी मोरावळा घातला आन् त्याच पातेल्यात झाकून ठेवला. साखरेतला आवळा, गोडच की, त्याला काय होतंय. रोज सकाळी दोन आवळे माझ्या हातानं भरवायची. ती तोंड वाकडं करायची तर मी खाऊन होईपर्यंत पुढ्यातून हलत नव्हते. ते लेकरू गेलं. मला वाटलं, पोरीच्या अंगात ताकत कमी पडली. म्हणून दुसऱ्या खेपेला तीन भरवले.

हे कागद वाचून चुलीत घाला. तिच्या कानावर जाऊ देऊ नका, एवढी भीक घाला. ती मला आई मानते.

आज सकाळी ती उन्हात बसली होती. मला हाक मारून म्हणली की, अत्ती, लवकर या, लाथ मारायलंय, हात लावून बघा. मी गेले. तिनं माझा हात धरून पोटाकडं नेला. हात राखेचा हाय म्हणून मी सोडवून घेतला आन् आत आले. हाताला राख नव्हती.

तुमची माया तिच्यावर हाय तशीच राहू द्या.

ईरम्मा