गुणाआत्याचं पांढरं कापड

प्रिय जास्मीन,

फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. दहावीला बीजगणितात नापास झालीस तेव्हा तू खोलीत कोंडून घेतलं होतंस आणि मी दाराखालून चिठ्ठी सरकवली होती. त्यानंतर आजच लिहितेय. अक्षर अजून तसंच आहे, हसू नकोस.

आमची रोशनी आता सगळं करंजाडे डोक्यावर घेते. काल आजीच्या सुपातला सुका जवळा मूठभर तोंडात कोंबून पळाली. छातीवर मधोमध बारीकशी रेघ राहिलीय, तिला ती ‘माझी चेन’ म्हणते आणि येईल-जाईल त्याला दाखवते.

तू तेव्हा लग्न होऊन मोहसीनबरोबर कतारला होतीस, म्हणून तुला सगळं कधी सांगितलंच नाही. तीन महिन्यांची रोशनी दोन घोट दूध प्यायली की दमून झोपायची, कपाळ घामानं चिंब. माझ्या सासूबाई, ठमाबाई, रोज मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढायच्या. शेवटी डॉक्टर विनितांनी तपासलं. हृदयाला भोक आहे, हार्ट फेल्युअर सुरू झालंय, म्हणाल्या. सासूबाईंनी तेवढंच ऐकलं. आमच्याकडे हार्ट फेल झाला म्हणजे माणूस गेला, दुसरा अर्थच नाही! बाहेर जाऊन त्यांनी उरणला फोन लावला, “माजी बाय गेली गो! हार्ट फेल झाला तिचा!”

झालं! दयाराममामाचा मासळीचा टेम्पो भरून अख्खी भावकी हॉस्पिटलात हजर. माझ्या आतेसासूच्या, प्रितमच्या गुणाआत्याच्या, हातात पांढऱ्या कापडाची घडी होती. तिनं माझ्या मांडीवर वाकून पाहिलं, तर रोशनीनं जांभई दिली. आत्या मटकन खालीच बसली. “गो ठमे, ही तं जिती हाय!” म्हणाली आणि सासूबाईंच्या पाठीत एक धपाटा घातला. मी हसत होते की रडत होते, मलाच कळेना.

मग डॉक्टरांनी सगळ्यांना समजावलं. फेल म्हणजे बंद पडणं नव्हे, दमणं. होडीला भोक पडलं की माणूस पाणी उपसून उपसून थकतो, तसं ते हृदय थकलंय. भोक बुजवलं तर सावरेल. मी विचारलं, हलत्या वस्तूला टाके कसे घालणार? त्या म्हणाल्या, आम्ही ते थांबवतो. तेवढा वेळ मशीन रक्त फिरवतं. जास्मीन, लिंबाएवढं ते हृदय त्यांनी खरोखरच थांबवलं, तिच्याच हृदयावरच्या पातळ आवरणाचं ठिगळ आतून लावलं, आणि अडवलेलं रक्त पुन्हा हृदयात सोडलं. पुढचं डॉक्टरांनी हळूच सांगितलं. म्हणाल्या, मग आम्ही नुसते बघत उभे राहतो, सुरू ते आपलं आपणच होतं. हे लिहितानाही माझ्या अंगावर काटा आलाय. थांबलेल्या काळजाला पुन्हा चालायला कोण गं शिकवतं? तू अल्लाह म्हणशील, सासूबाई एकवीरा म्हणतात. मी नुसते हात जोडते, त्या दोघांना आणि विनिताबाईंनाही.

भीती होतीच. प्रत्येक बाळ सुखरूप बाहेर येतंच असं नाही, हेही त्यांनी लपवलं नव्हतं. तरी मी हो म्हणाले आणि सही केली.

तुझ्या अम्मीचा फोन आला होता. तुझ्या अरीबालाही तसंच भोक आहे, डॉक्टर म्हणतात उशीर नको, आणि तू खांदा कॉलनीतल्या घराचं दार लावून बसलीस. हार्टच फेल झालं, आता लेकराला कशाला कापायचं, म्हणतेस. अगं वेडे, तूही तेच समजलीस! पत्रासोबत आजच प्रितमच्या हाती एक झबलं पाठवतेय. बंद पुढून बांधायचे आहेत, टाक्यांना ओढ बसत नाही. गुणाआत्यानं त्या पांढऱ्या कापडाचं स्वतःच्या हातानं शिवलंय. तुमच्यात ज्याला कफन म्हणतात ना, ते अंगात घालून माझी रोशनी हसत घरी आली. आता ते अरीबाचं. तूही फेल झाली होतीस की! ऑक्टोबरला पुन्हा बसलीस आणि पास झालीस. लेकीलाही बसू दे. उद्या सकाळी प्रितम आणि मी गाडी घेऊन येतोय. तिला झबलं घाल आणि दार उघड.

चिठ्ठी सरकवणारी, तुझीच
किशोरी