आईच्या हातातल्या चपला

मंगळवार, ४ फेब्रुवारी

पुसून टाक म्हणे! पंधरा मिनिटं भिंतीसमोर उभा राहिला, चहा दिला तो घेतला नाही, बस म्हटलं तर बसला नाही, आणि शेवटी तोंड उघडलं ते एवढ्यासाठी — "आईला पुसून टाक." जसं काही पाटीवरचं गणितच. सहा आठवडे मी लॉण्ड्रीतून सुटले की, इस्त्री करून करून पायांचे तुकडे पडलेले असताना, दवाखान्याच्या या भिंतीपुढं ब्रश घेऊन उभी राहते. तेव्हा दादाला एकदाही वाट सापडली नाही. आज बरी सापडली. कुणीतरी कान भरले असणार, तुझ्या बहिणीनं तुमचं घर चव्हाट्यावर मांडलंय म्हणून.

आणि वर म्हणतो, "असं झालंच नव्हतं." बाकावरच्या पेशंटांसमोर. एक आजोबा खोकता खोकता थांबले ऐकायला.

मी म्हटलं, "तुझा पतंग चिखलात पडलेला काढलाय तो चालतो, आणि आई चालत नाही?"

"पतंगानं कुणाची अब्रू जात नाही."

गेला. जाताना चौकटीवर डोकं आपटलं. पन्नाशी उलटली तरी या माणसाला वाकायचं कळत नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी

राग उतरल्यावर लिहायचं ठरवलं होतं. उतरलेला नाही. तरी लिहिते.

चित्रात काय आहे ते एकदाचं लिहूनच ठेवते, उद्या कुणी काहीबाही म्हणायला नको. डॉक्टरीणबाईंनी लॉण्ड्रीत माझा पुठ्ठा पाहिला. खोक्याच्या पुठ्ठ्यावर मी आमची जुनी गल्ली काढली होती. म्हणाल्या, "आमच्या बसायच्या खोलीची भिंत रंगवाल का? माणसं तास तास बसतात, बघायला काहीतरी हवं." मी म्हटलं, फुलं नाही काढणार, हरणं नाही काढणार. माणसं काढीन. म्हणाल्या, माणसंच काढा.

तर आमचा जुना रस्ता काढला. खाणीजवळची घरं, तिथून उतार, तळं, आणि टेकडीला वळसा घालून मोठ्या सडकेला लागायचं वळण. एकेचाळीस माणसं. आधी कोळशानं माणूस काढायचं, मग त्याच्या पायाखाली रस्ता. रस्ता आधी काढला की माणसं त्यावर पाहुण्यासारखी उभी राहतात. आणि रिकामं माणूस मी काढत नाही. मास्तर सायकलची साखळी बसवतायत. खाणीवरचे डबे घेऊन निघालेत. शिंपी खिडकीत, तोंडात टाचण्या. शेजारची काकू सुटलेल्या शेळीमागं. दादा आणि त्याचा तो पतंग. मी घराच्या खिडकीत, नुसतं डोकं. वर वळणावर ताई, पत्र्याची पेटी घेऊन, अनवाणी. आणि तिच्या मागं आई. धावतेय. हातात ताईच्या चपला.

पतंग दुपारचा, डबेवाले सकाळचे, ताई पहाटेची. सगळं एकाच सकाळी घातलंय. भिंत एकच आहे, काय करू.

लोक विचारतात, आठवून काढलं का मनानं? मास्तर आठवून. साखळी आठवून. शेळी मनानं, काकूकडे कधीच नव्हती, पण ती नुसती कमरेवर हात ठेवून उभी होती, तिला काहीतरी काम लावायला नको?

आईचं नंतर लिहिते.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

बोर्ड रंगवणारा आला. दुकानांच्या पाट्या करतो तो. शेवटी वार्निश तोच मारणार आहे, म्हणून बघायला आला. बघून मान हलवली.

"बाई, तुमची वळणावरची पोरगी चुकली. लांबचं माणूस लहान काढतात. ही तर तळ्याकाठच्यापेक्षा मोठी झाली."

"लांब गेली म्हणून लहान होते का?"

"डोळ्याला तसं दिसतं."

"डोळ्याला मला दवाखान्याची भिंत दिसते. ती काढू?"

हसला. चांगला माणूस आहे. माझा निळा संपला होता, स्वतःच्या डब्यातला ओतून दिला. म्हणाला, चोवीस तारखेला सोमवारी वार्निश मारतो. त्यानंतर बोट लावायचं नाही. वर नवा रंग धरत नाही, पापुद्रे निघतात. जे असेल ते कायमचं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

आज बाकावर दोन बायका. एक दुसरीला सांगते, "ते बघ, पोरगी पळून चाललीय आणि आई चप्पल घेऊन मागं लागलीय."

"सापडली की झोडपणार चांगली."

खिदळल्या दोघी. माझा ब्रश हातातच राहिला. चार पावलं मागं जाऊन पाहिलं — खरंच की. हात वर, हातात चप्पल. दुसरी चप्पल अंगाआड गेलेली, ती मला एकटीला माहीत. बघणारा म्हणणारच, मारायला निघालीय. मग दादालाही तेच दिसलं असेल?

तिथल्या तिथं हात खोडला. खाली आणला. दोन्ही चपला दिसतील अशा, अंगठ्यांत बोटं घालून, पोटाशी धरलेल्या. एक चप्पल म्हणजे मार, जोड म्हणजे माया. शेंबड्या पोराला कळेल. मला दीड महिना लागला.

रंग वाळेपर्यंत बायका गेल्या होत्या. त्यांना दाखवायचं होतं.

रविवार, ९ फेब्रुवारी

दादाकडे गेले. तो आतल्या खोलीत, तोंडापुढं वर्तमानपत्र. तासाभरात एक पान उलटलं नाही. हात बदललाय, बघून तरी जा, म्हटलं. त्यानं वर्तमानपत्र आणखी वर धरलं.

वहिनीनं समजूत काढायला घेतली. "वन्सं, सोडा हट्ट. सासूबाईंनी मरेपर्यंत तिचं नाव घेतलं नाही. बावीस वर्षं मी त्यांच्या शेजारी ओट्याशी उभी होते. एकदासुद्धा नाही. आणि तुम्ही त्यांना तिच्या मागं धावायला लावता. वर गेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपवायचं?"

वहिनीवर चिडता येत नाही. खोटं बोलत नाही ती.

ताई एकोणीस वर्षांची होती. खाणीवरच्या ट्रकवाल्याशी लग्न करायला गेली. अप्पांनी विरोध केला होता, तर पहाटे पेटी उचलली. पायांचा आवाज नको म्हणून अनवाणी. आमच्या घरात हेच सांगतात — आई सकाळी उठली तर अंथरूण रिकामं. अप्पा म्हणाले, आपल्याला ती मेली. आई काहीच म्हणाली नाही. त्या दिवशी नाही, नंतर नाही, अप्पा गेल्यावरही नाही.

मी नऊ वर्षांची. मी खिडकीत होते का? काढताना एवढी खात्री होती की आधी हातानं काढलं, मी मागून पाहिलं. पण कुणी म्हटलं, छातीवर हात ठेवून सांग, तर सांगता येत नाही. शेळी मी मनानंच काढली. आईसुद्धा मला धावायला हवी होती म्हणून धावली असेल तर?

मंगळवार, ११ फेब्रुवारी

डोकं ठिकाणावर नाही. एका शर्टाची बाही करपली. मालक म्हणाला, "बाई, चित्रं घरी काढा, कापडावर नको."

बुधवार, १२ फेब्रुवारी

ठरवलं. शेळी खोटी असली तर कुणाचं काही जात नाही. आई खोटी असून चालायचं नाही. पुसते.

पांढरा कालवला. पायांपासून सुरुवात केली. तोंडापासून हिंमत झाली नाही. दोन्ही पाय गेले, तेवढ्यात मागून ते खोकणारे आजोबा — "त्या बाईला काय करताय?"

"काढून टाकतेय."

"अहो, नका. मी एक दिवसाआड सुई घ्यायला येतो. आलो की आधी बघतो, ती पोरीपर्यंत पोचली का."

"चित्रातली माणसं पोचत नसतात, आजोबा."

"ते तुम्ही काढता म्हणून तुम्हाला. मला परवापेक्षा जवळ वाटली."

ब्रश धुतला. आईला आता पाय नाहीत. तशीच ठेवून आले.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

आज सगळं लिहिणार.

दवाखाना बंद व्हायच्या वेळेला दादा आला. बाक रिकामे. कंपाउंडर आत बाटल्या आवरत होता. दादानं भिंत पाहिली. वाटलं, पाय पुसलेले बघून समाधान होईल. तर म्हणाला, "हे काय लंगडं करून ठेवलंस तिला?"

"तूच म्हणालास पुसून टाक."

बसला. गुडघे चोळले. मग भिंतीकडेच बघत म्हणाला, "हात बदललास. चपला अशाच धरल्या होत्या तिनं."

मी त्याच्या शेजारी बसले.

तो चौदाचा होता. पहाटे लघवीला उठला, तर आई बाहेरून आत येत होती. धापा टाकत. पोटऱ्यांपर्यंत चिखल. हातात ताईच्या चपला, पोटाशी. त्याला पाहून दारातच थांबली. म्हणाली, "कुणाजवळ बोललास तर माझी शपथ आहे तुला." मग अप्पा उठायच्या आत चपला चुलीत घातल्या. घरभर रबराचा वास. अप्पांना सांगितलं, पायपुसणं पेटलं.

"आणि मला म्हणालास असं झालंच नव्हतं!"

"शपथ होती."

"आई जाऊन अकरा वर्षं झाली, दादा."

"म्हणून काय शपथ पण गेली?" मग भिंतीकडे बोट करून, "चपला घेऊन गेली आणि चपला घेऊनच परत आली ती. म्हणजे काय ते कळतंय ना तुला? ही हाका मारत गेली असणार आणि ताई थांबली नसणार. हे सगळ्या जगानं बघायचं? खोकला दाखवायला आलेल्यांनी? आईनं एवढं लपवलं, तू दिलंस भिंतीवर टांगून."

म्हणजे याला आईची लाज नव्हती वाटत. आईची कीव येत होती. मी दहा दिवस भलत्याच दादाशी भांडत होते.

मग खिशातून एक पाकीट काढलं. घड्यांवर फाटलेलं. ताईचं पत्र! आई गेल्याचं कुणाकडून तरी कळलं तेव्हा तिनं लिहिलं होतं. चार ओळी. "मला वाटणी नको, काही नको. आईनं शेवटी माझं नाव काढलं का, तेवढं कळवा." खाली पत्ता. जेमतेम अर्ध्या दिवसाच्या रस्त्यावर राहते बाई, आणि आम्ही तिला मेलेली धरून बसलोय.

"उत्तर दिलंस?"

"काय देणार? नाही काढलं, असं लिहू? का शपथ मोडू?"

अकरा वर्षं. अकरा वर्षं ती वाट बघत असेल नाहीतर वाट बघणं सोडून दिलं असेल, दोन्हीत वाईट कुठलं मला कळत नाही. मी त्याला येतील तेवढ्या शिव्या घातल्या. बावळट म्हटलं, दगड म्हटलं, आणखी जे म्हटलं ते लिहीत नाही. तो ऐकत बसला. सगळ्या संपल्यावर म्हणाला, "चहा मिळेल का इथं?"

टपरीवरून आणला. प्यायला. उठताना एवढंच म्हणाला, "पाय दे तिला परत."

शनिवार, १५ फेब्रुवारी

सकाळी आधी आईचे पाय काढले. पोटऱ्यांपर्यंत चिखल. मग पोस्टात जाऊन पत्र टाकलं. काय लिहिलं ते इथं उतरवून ठेवते.

"ताई, आईनं तुझं नाव काढलं नाही. खोटं सांगत नाही. पण तू गेलीस त्या पहाटे ती तुझ्या चपला घेऊन तुझ्या मागं धावली होती. दादानं तिला परत येताना पाहिलंय. अप्पांना कधी कळलं नाही. मी हे दवाखान्याच्या भिंतीवर काढलंय. आई आहे, चपला आहेत, तू आहेस पाठमोरी. तुझी मान कुठं वळलेली, तेवढं काढायचं राहिलंय. तिची हाक तुझ्यापर्यंत आली होती का? वळून पाहिलंस का? काहीही असलं तरी कुणी तुला बोल लावणार नाही, पण खरं तेच सांग, मनानं काढायला मी आहेच. सोमवारी चोवीस तारखेला वार्निश लागतंय. मला शनिवारपर्यंत कळव."