वजनकाटा माळ्यावर आहे

चिमणे,

वजनकाटा शोधू नकोस, मी तो माळ्यावर टाकलाय. फ्रिजमधली दोन अंडीही मीच उकडून खाल्ली.

तीन महिन्यांत आईचं नऊ किलो उतरलं, असं तू गल्लीभर सांगत सुटलीस. काल दुकानात काय झालं ते मात्र मी बोलले नाही. गिऱ्हाईक समोर उभं, टेबलावर त्याचा कोट, आणि मला इस्त्री उचलवेना. सव्वीस वर्षं गप्पा मारत फिरवलेली इस्त्री काल दोन्ही हातांनी धरावी लागली.

तशीच तडक दवाखान्यात गेले. आहाराच्या बाईंनी दंड चाचपला आणि विचारलं, "खाता काय?" म्हटलं, "काकडी, सूप आणि लेकीची बोलणी." त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, चरबीबरोबर अंगातलं मांसही झडलंय. वजन उतरवा, पण दर जेवणात अंडं, डाळ, मासा, दही असं काहीतरी हवंच. किडनीचा रिपोर्ट बघूनच सांगितलंय, तेव्हा वाद नको.

गोळी घेतली, साखर तपासली, आकडा वहीत आहे. बाबांच्या साखरेकडे आपण वेळेत लक्ष दिलं नाही, म्हणून तू माझ्या ताटावर डोळ्यांत तेल घालून पहारा देतेस. कळतं मला. पण उपाशी राहून मी त्यांच्या फोटोशेजारी जाऊन बसणार नाही.

डाळ भिजत घाल. आणि काटा खाली काढायचाच असेल, तर आधी दुकानात ये, माझी इस्त्री एका हातानं उचल आणि एक कोट करून दाखव. मग सांग मला, किती खायचं ते.

आई