माझी हाडे, माझे बैल आणि एक घोंगडे

मी, तिलवुल्फ, मूळचा फर्नली मठाचा संन्यासी, गेली एकोणीस वर्षे नाइलाजाने हेरबरीचा बिशप, वय सत्तरच्या पुढे, दात तीन, बुद्धी शाबूत, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता करतो. दडपण आहे, मी त्याला भीक घालत नाही. त्याचे नाव ओस्लाक, आमच्या मोठ्या देवळाचा कारभारी.

कलम १. माझा दंड पुढच्या बिशपास. कुत्री हाकलायला उत्तम. उपदेशाने ती हलत नाहीत.

कलम २. मी लिहिलेली स्तोत्रांची पोथी बहीण हिल्डगिथ हिच्या मठास. माझ्या अक्षराला ती कोंबडीचे पाय म्हणते. ते तिने आता रोज पहाटे वाचावेत.

कलम ३. घोंगडे फर्नलीच्या बोटविनला. तो मधमाश्या पाळतो. सातव्या वर्षी आम्हा दोघांना एकाच दिवशी मठाला वाहिले. पोरे दोन, घोंगडे एक. बारा हिवाळे त्याने ते ओढले. मी कुडकुडत स्तोत्रे पाठ केली आणि विद्वान झालो. तो उबेत झोपला आणि सुखी झाला.

कलम ४. माझा देह. खरा तंटा इथेच. मला फर्नलीत, मधाच्या पोळ्यांशेजारी पुरावे. ओस्लाकला मी देवळात हवा, कारण संताची हाडे असली की यात्रेकरू येतात. तो आत्तापासूनच माझी नखे गोळा करतो. परवा माझे अंघोळीचे पाणी त्याने आजारी गाईला पाजले.

मी म्हटले, "अरे, मोठ्या उपासात मी भाजलेले बदक खाल्लेय. मी कसला संत?"

डोळे पुसत तो म्हणाला, "काय ही नम्रता, बाबा."

तेव्हा आपली जुनी रीत पाळावी. देह गाडीत ठेवावा, माझेच ब्रोक आणि हार हे बैल जुंपावेत, कोणी हाकू नये. ते थांबतील तिथे देवाची इच्छा समजून पुरावे.

"जातील कुठे, बाबा? गोठा देवळामागेच आहे," असे म्हणून ओस्लाकने आनंदाने सही केली.

हेरबरी. संत मार्टिनच्या सणाचा आदला दिवस, मोठ्या साथीनंतरचे अकरावे वर्ष.

तिलवुल्फ

साक्षीदार:
ओस्लाक, कारभारी
हिल्डगिथ, बहीण (अक्षर अजून तसेच आहे.)

पुरवणी. हिल्डगिथपाशी मोहोरबंद, मला पुरल्यावर उघडावी.

ब्रोक आणि हार यांना मी सात वर्षे दर शनिवारी फर्नलीला नेले. तिथे पोळ्यांपाशी बोटविन त्यांना मधात भिजवलेले सातू चारतो. इथल्या गोठ्यात नुसते गवत. ओस्लाक, हरकत असल्यास बैलांशी बोल. नखे तूच ठेव.

बोटविन, आलो असेन तर सरक तिकडे. आणि या खेपेला घोंगडे ओढू नकोस.